वरच्या मजल्यावर वायफाय पोचत नाही: रिपीटर, मेश की सरळ वायर?

मधला_जिना
नाशिकला रो हाउस आहे. तळमजला, पहिला मजला आणि गच्चीवर एक खोली. फायबरचं कनेक्शन १०० एमबीपीएसचं. ओएनटी (कंपनीने दिलेला फायबरचा राउटर) तळमजल्यावर हॉलमध्ये, टीव्हीच्या युनिटमध्ये. हॉलमध्ये स्पीड ९० च्या वर. पहिल्या मजल्यावर जिन्याजवळच्या खोलीत २५-३०, मागच्या बेडरूममध्ये ३-४. गच्चीवरच्या खोलीत नाव दिसतं पण जोडलं जात नाही, आणि व्हिडिओ मीटिंगा नेमक्या तिथूनच करायच्या आहेत. रंगकाम नुकतंच झालंय, भिंती फोडायच्या नाहीत. दुकानदार रिपीटर (सिग्नल ऐकून पुढे पाठवणारा डबा) घ्या म्हणतो, लाइनमन मेश (एकमेकांशी बोलून घरभर एकच वायफाय देणारे दोन-तीन डबे) घ्या म्हणतो. इन्व्हर्टर फक्त तळमजल्याला आहे, तेही लक्षात घ्या. काय करावं?

तारयंत्र
खरेदी नंतर. आधी दोन मोजमापं घ्या, नाहीतर इथे येणारा प्रत्येक सल्ला अंदाजपंचे ठरेल.

लॅपटॉप ओएनटीला वायरने जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि स्पीड बघा. तिथेच कमी आला तर तक्रार कंपनीकडे करायची, घरात शोधत बसायचं नाही. ९४ च्या आसपास आला तर सगळं ठीक आहे. १०० एमबीपीएसच्या लॅन पोर्टमधून (वायर जोडायच्या खाचेतून) हाती तेवढंच लागतं.

मग अँड्रॉइड फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारातलं कुठलंही अ‍ॅप घ्या. जिथे बसून काम करणार तिथे फोन अर्धा मिनिट धरा आणि डीबीएमचा (सिग्नलच्या ताकदीचा) आकडा लिहून ठेवा, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या वायफायच्या दोन बँडचा वेगवेगळा. आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. -५० म्हणजे उत्तम. -६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो. -७५ ला आवाज तुटायला लागतो. -८० च्या पलीकडे तुमच्या गच्चीवरच्या खोलीसारखं होतं, नाव दिसतं पण पुढे काही होत नाही. फोनवरच्या दांड्या बघून ठरवू नका, प्रत्येक कंपनी त्या आपल्या मनाने काढते.

जांभा
आकडे येतीलच, पण कारण आत्ताच सांगता येतं: स्लॅब.

साध्या विटांच्या भिंतीतून वायफाय बऱ्यापैकी जातं. आरसीसी स्लॅबमध्ये पाच-सहा इंच काँक्रीट, त्यात दोन्ही दिशांनी सळ्यांची जाळी, वर कोबा आणि फरशी. २.४ गिगाहर्ट्झवर एका स्लॅबमध्ये १५-२० डीबी सहज जातात, ५ वर त्याहून जास्त. डीबीचा हिशेब गुणाकाराचा असतो. १० डीबी गेले की दहावा हिस्सा उरतो, २० गेले की शंभरावा. तुमच्या गच्चीवरच्या खोलीपर्यंत दोन स्लॅब आहेत. प्रत्येकी २० धरले तर दहा हजारावा हिस्सा, आणि अंतरामुळे होणारी घट त्यात धरलेलीच नाही.

मागच्या बेडरूमचं दुखणं आणखी वेगळं. तिथे लहर स्लॅबला तिरपी छेदते, त्यामुळे सहा इंचांची वाट दहा-बारा इंचांची होते, वर बीमही मध्ये येतो. जिन्याजवळच्या खोलीत जे २५-३० मिळतात ते जिन्याच्या उघड्या पोकळीतून वर आलेले आहेत.

सुरंगी
टीव्हीच्या युनिट*मध्ये* म्हणजे टीव्हीच्या मागे का? तसं असेल तर आजच बाहेर काढा.

मेदूवडा
सुरंगीताईंना अनुमोदन. टीव्हीची पाठ म्हणजे धातूचा पत्रा. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा, फिश टँक हेही तितकेच वाईट. ओएनटी जमिनीपासून सहा-सात फुटांवर, जिन्याच्या तोंडाशी आणा. फायबरची वायर दोन-तीन मीटर शिल्लक गुंडाळून ठेवलेली असते, तेवढ्यात बरंच सरकवता येतं. फायबर काटकोनात मुडपू नका. वळण देताना तीन-चार सेंटीमीटर त्रिज्या ठेवली की निर्धास्त.

राउटरला दांड्या (अँटेना) असतील तर त्यांचं गणित असं: दांडी उभी असली की सिग्नल तिच्याभोवती आडवा पसरतो, मेदूवडा आणि त्याच्या भोकात दांडी, असा आकार. थेट डोक्यावर सगळ्यात कमी. वरच्या मजल्यासाठी एक दांडी उभी ठेवा आणि एक आडवी करा. दांड्या आत असलेला डबा भिंतीवर लावून आणि आडवा ठेवून, दोन्ही प्रकारे मोजून बघा. चार-पाच डीबीचा फरक पडू शकतो.

नवखी_वाचक
राउटरच्या मागे अ‍ॅल्युमिनियमची फॉइल लावली की रेंज वाढते, असा व्हिडिओ फिरतोय. खरं आहे का?

मेदूवडा
एका बाजूचा सिग्नल अडवून दुसऱ्या बाजूला वळवता येतो, एकूण वाढत नाही. स्लॅबमध्ये जाणारे २० डीबी फॉइलने भरून निघणार नाहीत.

कॅट_सिक्स
जागा बदलली, दांड्या फिरवल्या, तरी दोन स्लॅब तिथेच राहणार. खालून जोरात ओरडण्यापेक्षा वर वायर नेऊन तिथून हळू बोलावं.

रिपीटरबद्दल स्पष्ट लिहितो, कारण बहुतेकांचे पैसे तिथेच जातात. रिपीटर तोच निरोप एकदा ऐकतो आणि पुन्हा बोलतो. एकाच बँडवर दोन्ही कामं करणारा असेल तर वेग निम्म्यावर येतो. दुसरं म्हणजे लोक तो जिथे सिग्नल नाही तिथे लावतात. -८० ला ऐकलेला निरोप तो -४० ने ओरडून सांगतो. फोनवर दांड्या भरतात, यूट्यूब मात्र फिरतच राहतं. रिपीटर लावायचाच तर जिथे -६० ते -६५ मिळतात तिथे, म्हणजे तुमच्याकडे जिन्याच्या मधल्या टप्प्यावर. पहिल्या मजल्याला उपयोग होईल. गच्चीवरच्या खोलीसाठी दुसरा रिपीटर लागेल, आणि रिपीटरला रिपीटर जोडणं म्हणजे निम्म्याचं निम्मं.

सुरंगी
कॅट_सिक्स, मेशलाही त्याच तराजूत तोलू नका. ट्राय-बँड मेशमध्ये डब्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी वेगळा ५ गिगाहर्ट्झचा बँड असतो, वेग निम्मा होत नाही. १०० चा प्लॅन असताना गच्चीवर ४०-५० मिळाले तरी मीटिंगला रग्गड. एका व्हिडिओ कॉलला ३-४ एमबीपीएस पुरतात, फक्त ते सलग मिळायला हवेत. भाड्याच्या घरात तर वायर ओढायची परवानगीच नसते, तिथे मेश हाच मार्ग.

कॅट_सिक्स
ट्राय-बँडचा मुद्दा मान्य. पण तो वेगळा बँडही ५ गिगाहर्ट्झचाच, आणि स्लॅब नेमका त्यालाच जास्त खातो. डबे जिन्याच्या पोकळीत एकमेकांना दिसतील असे ठेवता आले तरच चालेल. त्यांच्या गच्चीच्या जिन्याला वर लोखंडी दार असेल, तर दार लावलं की संपलं.

मेश घ्यायचाच तर मागे लॅन पोर्ट असलेला घ्या, म्हणजे पुढे वायर मिळाली की तेच डबे वायरवर चालतील.

दिवेलागण
@मधला_जिना, तीन प्रश्न. गच्चीवर डिश अँटेना आहे का, आणि तिची वायर हॉलमधल्या टीव्हीपर्यंत कशी आली आहे? फायबर खांबावरून घरात कुठल्या मजल्यावर शिरतो? मीटरवर थ्री फेज आहे का?

नवखी_वाचक
अवांतर, पण विचारते. गोव्यात जुनं घर आहे, जांभ्या दगडाच्या जाड भिंती, वर कौलं, लाकडी माळा. तिथे काय करावं?

जांभा
तुमचं उलट आहे. लाकडी तक्तपोशीतून वायफाय सहज वर जातं, माळ्यावर रेंज चांगली मिळेल. पण शेजारच्या खोलीत मिळणार नाही, कारण दीड फुटाचा जांभा, आणि पावसाळ्यात तो पाणी धरतो तेव्हा आणखी वाईट. राउटर माळ्यावर मध्यभागी ठेवा, सिग्नल प्रत्येक खोलीत वरून उतरेल. पुण्यातल्या जुन्या वाड्यांनाही हेच लागू.

ओलसर_भिंत
पॉवरलाइन अडॅप्टर कुणी सुचवलाच नाही. एक खाली सॉकेटमध्ये, एक वर, घरातल्या विजेच्या वायरीतूनच इंटरनेट जातं. फोडाफोड शून्य.

दिवेलागण
त्यासाठीच फेज विचारली. थ्री फेज मीटर असेल तर आपल्याकडे बरेचदा खालचा मजला एका फेजवर आणि वरचा दुसऱ्या फेजवर टाकतात. दोन अडॅप्टर वेगळ्या फेजवर आले की एकमेकांना नीट सापडत नाहीत. एकाच फेजवर असले तरी थेट भिंतीच्या सॉकेटमध्येच लावायचे; स्पाइक गार्डमधला फिल्टर त्यांचाच सिग्नल गिळतो. स्वस्त चार्जर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर आणि पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर त्याच वायरीत कचरा सोडतात. डब्यावर लिहिलेला आकडा प्रत्यक्षात कधीच मिळत नाही. परत करण्याची सोय असेल तरच घ्या.

मधला_जिना
सगळ्यांचे आभार. उत्तरं देतो.

ओएनटी टीव्हीच्या मागेच होता, काढून जिन्याच्या तोंडाशी उंचावर ठेवला. वायरने ९४. आता २.४ / ५ चे आकडे: जिन्याजवळची खोली -५८ / -६६, मागची बेडरूम -७१ / -८४, गच्चीवरची खोली -८३ / दिसतच नाही.

डिश आहे. तिची वायर गच्चीवरून भिंतीतल्या पाइपने पहिल्या मजल्यावर जिन्यापाशी एका चौकोनी डबीत येते आणि तिथून खाली हॉलमध्ये उतरते. डिश दोन वर्षांपासून बंद आहे. फायबर खांबावरून पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत येतो आणि बाहेरच्या भिंतीवरून खाली गेलाय. थ्री फेज आहे.

दिवेलागण
मग काम झालंच म्हणा. तुमच्या घरात वरपासून खालपर्यंत रिकामा होऊ शकणारा पाइप आहे, मध्ये डबीसुद्धा.

डिशची वायर आरजी ६, जाडी सुमारे ७ मिमी. कॅट ६ (इंटरनेटची लॅन वायर) साधारण ६ मिमीची असते. ती निघते तिथून ही जाते. जुनी वायर आधी दोन्ही टोकांनी हलवून बघा. मोकळी सरकत असेल तर तिलाच नवी बांधून ओढायची. जोड असा करा: कॅट ६ चं बाहेरचं वेष्टण चार इंच सोला, आतल्या चार जोड्यांपैकी दोन कापा, उरलेल्या दोन डिशच्या वायरीवर पीळ देऊन गुंडाळा आणि इन्सुलेशन टेप निमुळती लावा, म्हणजे जोड वळणावर अडकणार नाही. त्याच जोडात एक नायलॉनची दोरीही बांधा. काम दोघांचं. एकाने वरून वायर पाइपात सरळ सोडत राहायची, दुसऱ्याने खालून सावकाश ओढायचं. अडली तर झटका देऊ नका, थोडी मागे घेऊन पुन्हा ओढा. वायरीला टाल्कम पावडर लावली की बरीच सोपी जाते. तेल किंवा ग्रीस नको, वेष्टण खराब होतं. आधी गच्ची ते पहिल्या मजल्याची डबी, मग डबी ते हॉल, असे दोन तुकडे वेगवेगळे ओढा.

त्या पाइपात विजेची वायर नाही ना, हे डबी उघडून नक्की बघा. असेल तर लॅन वायर त्यात घालायची नाही.

जांभा
फायबर बाल्कनीत शिरतो हे वाचून एक सुचवतो. ओएनटी खाली ठेवताच कशाला? कंपनीला सांगून पहिल्या मजल्यावर, त्या चौकोनी डबीजवळ घ्या. मग हॉलही एकाच स्लॅबच्या अंतरावर येईल आणि गच्चीवरची खोलीही. फायबर बाल्कनीतून आणखी लांब न्यायचा नाही, उलट आखूड करायचाय, तेव्हा जोड नव्याने मारावा लागला तरी काम छोटं आहे. हिरव्या टोकाच्या कनेक्टरच्या तोंडाला बोट लावू नका, धुळीनेही सिग्नल घटतो. काम झाल्यावर ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल आरएक्स पॉवर (फायबरमधून पोचलेल्या प्रकाशाची ताकद) बघा. -१५ ते -२५ डीबीएमच्या दरम्यान असावी. -२७ च्या पलीकडे गेली तर जोड पुन्हा करून मागा.

कॅट_सिक्स
जांभा यांची सूचना उत्तम. आता वायर घेताना बघायचं ते सांगतो.

बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची कॅट ६ सर्रास मिळते. वेष्टणावर किंवा खोक्यावर सीसीए लिहिलेलं असतं, कधी लिहिलेलंही नसतं. ब्लेडने तार खरवडा. आत चांदीसारखी पांढरी निघाली तर घेऊ नका. ती वळणावर तुटते आणि वायरीतून वीज पाठवायची झाली तर तापते. पूर्ण तांबं, सलग तार, असं मागा. इलेक्ट्रिकच्या दुकानात मीटरवर मिळते, ३०५ मीटरचं खोकं घ्यायची गरज नाही. डबीपासून गच्चीवरच्या खोलीपर्यंत मोजा आणि दोन्हीकडे दीड-दीड मीटर जास्त धरा. कमाल मर्यादा १०० मीटर, घरात ती कधी आड येत नाही.

आरजे ४५ कनेक्टर कॅट ६ चेच घ्या, कॅट ५ च्या कनेक्टरमध्ये जाड तारा शिरत नाहीत. रंगांचा क्रम, कनेक्टरची खीळ खाली आणि टोक समोर धरून डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. जोड्यांचा पीळ फक्त अर्धा इंच सोडायचा. बाहेरचं वेष्टण कनेक्टरच्या आत जाऊन दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर महिन्याभरात तारा निसटतात.

नेहमी होणारी चूक: आठपैकी एक तार नीट बसत नाही आणि वेग १०० वर अडकतो. गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) चारही जोड्या लागतात, १०० ला फक्त १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या तारा. आज तुमचा प्लॅनच १०० चा आहे, म्हणून चूक कळणारही नाही. प्लॅन वाढवाल त्या दिवशी कळेल. म्हणून आत्ताच टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात का बघा.

मधला_जिना
गच्चीवरच्या खोलीत जुना राउटर वापरता येईल का? चार वर्षांपूर्वीचा आहे, ड्युअल बँड.

मेदूवडा
बिनधास्त. सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड (फक्त वायफाय देण्याचा) असेल तर तो निवडा, बाकी तो बघून घेतो. नसेल तर हा क्रम पाळा. जुना राउटर रीसेट करून लॅपटॉपला वायरने जोडा. वायफायचं नाव आणि पासवर्ड ओएनटीचेच द्या, सुरक्षेचा प्रकारही तोच. मग लॅनचा आयपी पत्ता बदला: ओएनटी १९२.१६८.१.१ वर असेल तर याला १९२.१६८.१.२. ओएनटीमध्ये डीएचसीपीची (घरातल्या उपकरणांना आयपी पत्ते वाटणाऱ्या सोयीची) यादी .१० पासून सुरू करा, म्हणजे .२ दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. सगळ्यात शेवटी जुन्या राउटरचा डीएचसीपी बंद. तो आधी बंद केला तर राउटरचं पान पुन्हा उघडायला त्रास होतो. ओएनटीकडून आलेली वायर जुन्या राउटरच्या *लॅन* पोर्टमध्ये घाला, वॅन पोर्ट (एरवी इंटरनेट आत घेणारा) रिकामा. डीएचसीपी चालू राहिला तर घरात दोन जण पत्ते वाटत बसतील आणि इंटरनेट मध्येच जाईल, मध्येच येईल.

चॅनेल वेगळे ठेवा. २.४ वर १, ६, ११ यांपैकीच, रुंदी २० मेगाहर्ट्झ. रो हाउसमध्ये शेजाऱ्यांचे राउटर भिंतीला लागूनच असतात, ४० करून स्वतःचं आणि त्यांचंही नुकसान. ओएनटी १ वर, गच्ची ११ वर. ५ गिगाहर्ट्झवर ओएनटी ३६, गच्ची १४९. ५२ ते १४४ हे चॅनेल टाळा. तिथे रडारसाठी कान द्यावा लागतो, त्यामुळे वीज आल्यावर बरेच राउटर मिनिटभर ५ गिगाहर्ट्झ सुरूच करत नाहीत.

नवखी_वाचक
खालून वर गेल्यावर फोन आपोआप गच्चीवरचा सिग्नल धरतो का?

मेदूवडा
कधी बदलायचं ते फोन ठरवतो, राउटर नाही. काही फोन जुना सिग्नल -७५ होईपर्यंत सोडत नाहीत. ओएनटीची २.४ ची पॉवर मध्यम करा, म्हणजे वर गेल्यावर जुना सिग्नल लवकर क्षीण होतो आणि फोन लवकर सोडतो. सगळे जण पॉवर वाढवायला जातात, इथे ती कमी करायची असते.

ओलसर_भिंत
विजेचा प्रश्न राहिलाच की. गच्चीवरच्या खोलीला इन्व्हर्टर नाही. मीटिंग चालू असताना वीज गेली तर?

दिवेलागण
लॅपटॉपला बॅटरी आहे, राउटरला नाही. दोन उपाय. १२ व्होल्टचा राउटरचा छोटा यूपीएस. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे अँपिअर बघा, १ लिहिलंय की २. किंवा खालून त्याच लॅन वायरीतून वीज पाठवा: ओएनटीजवळ ८०२.३एएफ पीओई इंजेक्टर आणि वर १२ व्होल्टचा स्प्लिटर (वायरीतली वीज आणि इंटरनेट वेगळं करणारा). या पद्धतीत पाठवणाऱ्या टोकाला १५.४ वॉट असतात, वर सुमारे १३ पोचतात, म्हणजे १२ व्होल्ट १ अँपिअरपर्यंतचा राउटर चालेल. स्प्लिटर गिगाबिटचा घ्या, स्वस्तातले १०० वरच अडतात. स्वस्तातला २४ व्होल्टचा पॅसिव्ह इंजेक्टरही नको. तो समोर काय जोडलंय हे न बघता वीज सोडतो.

मात्र ओएनटी पहिल्या मजल्यावर नेलात तर त्या सॉकेटला इन्व्हर्टरची लाइन खेचून घ्यावी लागेल. किंवा ओएनटीसोबत इंजेक्टरही चालवेल असा यूपीएस तिथे लावा.

जांभा
पाइप गच्चीवर उघडा आहे, तिथून खोलीत शिरेपर्यंत वायर बाहेर राहील. तेवढ्या भागाला काळ्या वेष्टणाची, उन्हात टिकणारी वायर हवी, किंवा साध्या वायरीवर पीव्हीसी पाइप चढवा. भिंतीचं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा. भोकात शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्या, पाणी तिथून ठिबकेल, आत येणार नाही. फट सिलिकॉनने बुजवा. आणि वळवाच्या विजा कडाडू लागल्या की वायर दोन्ही टोकांनी काढून ठेवा. जवळ वीज पडली की लांब तांब्याच्या वायरीत दाब चढतो आणि आधी लॅन पोर्ट जातात. ते नको असेल तर त्या पाइपातून तयार फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन वायर जोडणारे डबे) हा पर्याय आहे, पण मग वीज वायरीतून पाठवता येणार नाही.

मधला_जिना
ठरलं. ओएनटी पहिल्या मजल्यावर डबीजवळ, इंजेक्टरही चालवणारा यूपीएस तिथेच. तिथून कॅट ६ वर गच्चीच्या खोलीत जुन्या राउटरला, इंजेक्टर-स्प्लिटरसह. दुसरा तुकडा खाली हॉलमध्ये टीव्हीला. डबी उघडली, विजेची वायर नाही. डिशची वायर वरच्या भागात मोकळी सरकते, खालच्या भागात अडते आहे.

दिवेलागण
वरचा भाग आधी उरका, मीटिंगचा प्रश्न सुटेल. खालच्या भागात बहुतेक वळणावर प्लास्टर गेलंय किंवा क्लिप मारली आहे. जोर लावून तोडू नका, जुनी वायर तुटून आत राहिली तर पाइप कायमचा बंद होईल. टीव्हीला तूर्त वायफायवर ठेवा, आता मध्ये एकच स्लॅब आहे. इलेक्ट्रिशियनकडची स्टीलची स्प्रिंग हॉलच्या बाजूने घालून अडथळा किती फुटांवर आहे ते मोजून घ्या. आणि वरची वायर ओढून झाली की दोन्ही टोकं टेपने बांधून त्यावर खुणा लिहा, नायलॉनची दोरी पाइपात तशीच राहू द्या.